स्वयंपाकघरातला उजेड आणि शटरचा वेग : घरातले रोजचे क्षण टिपत कॅमेरा शिकण्याविषयी

आपण लिहिले आहे की सहा महिन्यांपूर्वी आपण मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेतला, त्याच्यासोबत १८-५५ मिलिमीटरची लेन्स आली (हा आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद), आणि आपल्याला सहली किंवा समारंभ नव्हे, तर घरातले रोजचे प्रसंग टिपायचे आहेत : सासूबाई भाकऱ्या थापताना, सात वर्षांची मुलगी शाळेची तयारी करताना, दारातली रांगोळी, संध्याकाळचा दिवा. अडचणी आपण चार सांगितल्या आहेत. फोटो हललेले येतात. घरात पिवळट किंवा काळपट येतात. बटणे जुळवेपर्यंत क्षण निघून जातो. आणि कॅमेरा दिसताच सगळे सावरून बसतात. शेवटी आपण विचारले आहे की पूर्ण मॅन्युअलवरच, म्हणजे सगळे हाताने ठरवूनच, शिकावे का आणि नवी लेन्स घ्यावी का. मी गेली तीस वर्षे छायाचित्रणाचे काम करतो आहे आणि त्यातली निम्मी वर्षे शिकवतोही आहे, त्यामुळे यातली प्रत्येक अडचण माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

क्षण निघून जातो, ही तक्रार मी आधी घेतो, कारण तिचे उत्तर मिळाले की बाकीच्या अडचणी आपोआप लहान होतात. लग्नात अंतरपाट दूर होतो तो एकदाच, आणि तो हुकला की कायमचा हुकला. घरातल्या रोजच्या प्रसंगांचे तसे नसते. आज हुकलेली भाकरी उद्या त्याच ओट्यावर, त्याच हातांनी, जवळजवळ त्याच वेळी पुन्हा थापली जाणार आहे. शिकणाऱ्याला इतकी मोठी सवलत दुसऱ्या कोणत्याही विषयात मिळत नाही, आणि तरीही बहुतेक जण ती वापरत नाहीत. रोज नवे काहीतरी शोधत फिरतात आणि प्रत्येक वेळी अनोळखी उजेडात, अनोळखी हालचालीसमोर नव्याने अडतात. माझा आग्रह असा आहे की आपण एकच प्रसंग निवडावा आणि महिनाभर पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच जावे. पुढे काय होणार हे ठाऊक असले की कॅमेरा आधीच जुळवून ठेवता येतो, आणि प्रत्यक्ष क्षणी फक्त बघायचे काम उरते.

आपल्या सासूबाईंच्या भाकरीचेच उदाहरण घेऊ. गोळा हातावर गोल होतो, परातीत पीठ भुरभुरले जाते आणि थापणे सुरू होते. उजवा पंजा सारखा वरखाली होत असतो आणि त्याच्या प्रत्येक थापेबरोबर भाकरी थोडी थोडी स्वतःभोवती फिरत असते. हा भाग बराच वेळ चालतो, त्यामुळे शिकणारा सगळे फोटो इथेच काढतो; पण या वेळी मान खाली असते, चेहरा झाकला जातो आणि चित्र फारसे बदलत नाही. मग भाकरी तळहातावर उचलली जाऊन तव्यावर पडते. ही हालचाल जेमतेम सेकंदाची. पिठाची बाजू वर राहते, आणि तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरतो. माझ्या मते थांबायचे ते इथे. हात सावकाश, पसरलेल्या बोटांनी फिरत असतो, तव्यावरून वाफ उठत असते आणि भाकरी नीट पडली की नाही हे पाहण्यासाठी मान किंचित वर आलेली असते. थापण्याचा आवाज थांबला की दोन-तीन सेकंदांत हा क्षण येणार, हे एकदा कळले की तो कधीच अचानक येत नाही. म्हणून पहिले दोन दिवस कॅमेरा न घेता नुसते शेजारी उभे राहा, हाताखाली काही काम करा, आणि कोणत्या क्षणी काय दिसते ते पाहून ठेवा.

उभे कुठे राहायचे, हे उजेड ठरवतो. आपल्या स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे असे आपण लिहिले आहे. खिडकी आपल्या पाठीशी असेल तर समोरचे सगळे सपाट दिसते. खिडकी एका बाजूला ठेवली तर हातावरच्या शिरा, पिठाचे कण आणि भाकरीची कड उठून दिसते. वाफेला तर मागून किंवा बाजूने येणारा उजेड आणि पाठीमागे काहीतरी गडद लागतेच. पांढऱ्या टाइल्ससमोर वाफ दिसतच नाही. ओट्याच्या मागच्या टाइल्स पांढऱ्या असतील तर दोन पावले सरकून उघड्या दाराचा अंधारा चौकोन वाफेच्या मागे आणता येतो का, ते पाहा. शेगडीपासून हातभर लांब राहा. सासूबाईंच्या वाटेत येणे हे कोणत्याही फोटोपेक्षा वाईट.

उजेडाबाबत आणखी एक गोष्ट हातानेच शिकण्यासारखी आहे. डोळा जुळवून घेत असल्याने खोली सगळीकडे सारखीच उजळ वाटते, पण कॅमेऱ्याला तसे दिसत नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, ४०० आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेड आत घेणारे छिद्र, एफ/४ (एफचा आकडा लहान तितके छिद्र मोठे) ठेवून खिडकीजवळ धरलेल्या तळहाताचे माप घ्या, मग एकेक पाऊल मागे जात तेच माप पुन्हा घ्या. माझ्या घरात खिडकीलगत शटरचा वेग, म्हणजे उजेड आत घेणारा पडदा उघडा राहण्याचा वेळ, १/२५० सेकंद येतो तिथे तीन मीटर आत १/३० सेकंदावर यावे लागते, म्हणजे उजेड आठपट कमी झालेला असतो. आपले काळपट फोटो बहुधा याच तीन मीटरांत अडकलेले आहेत. मुलीची वेणी आतल्या खोलीऐवजी खिडकीशी किंवा उंबरठ्यावर बसून घातली, तर कॅमेऱ्यातले काहीही न बदलता निम्मी अडचण संपेल. पूर्वेच्या खिडकीतला उजेड वर्षभर सारखा राहत नाही, हेही लक्षात असू द्या. पुण्यात जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास आणि ईशान्येकडे उगवतो, तर जानेवारीत सात वाजून गेल्यावर आणि आग्नेयेकडे. त्यामुळे एकाच ओट्यावर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगळ्या वेळी, वेगळ्या कोनातून तिरीप येते. कोणत्या महिन्यात ती किती वाजता परातीवर पडते, हे एका वहीत लिहून ठेवण्याची सवय मला फार उपयोगी पडली आहे.

आता हललेल्या फोटोंविषयी. फोटो हलतो तो दोन वेगळ्या कारणांनी, आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. आपला हात हलला तर भिंत, कपाट, तवा, सगळेच एका दिशेने पुसट होते. समोरची व्यक्ती हलली तर तवा स्वच्छ दिसतो आणि फक्त हात पुसट होतो. कॅमेऱ्यातली किंवा लेन्समधली स्थिरीकरणाची सोय पहिल्या प्रकारावर उपाय करते, दुसऱ्यावर अजिबात करत नाही. दुकानात ही सोय इतक्या आग्रहाने सांगितली जाते की घेणाऱ्याला वाटते, आता काहीच हलणार नाही. पळणाऱ्या मुलीला थांबवतो तो फक्त शटरचा वेग. माझे ठोकताळे असे : कोणी शांत बसून वाचत असेल तर १/६० सेकंद, हाताने सावकाश काम चालू असेल तर १/१२५, वेणी घालताना मान झटकणारी मुलगी असेल तर १/२५०, आणि अंगणातली लंगडी असेल तर १/५०० किंवा त्याहून वेगवान.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. आमच्या घरी आगफा क्लिक थ्री हा फिल्मचा कॅमेरा होता, ज्याच्या एका रोलमध्ये १२ फोटो निघत, आणि ते १२ फोटो अर्थातच सणासुदीसाठी राखलेले असत. त्यामुळे माझ्या आजीचे जे फोटो आज माझ्याकडे आहेत ते सगळे लग्नामुंजींतले आहेत, आणि त्यांत ती ठेवणीतले लुगडे नेसून, हात सोडून, ताठ उभी आहे. पुढे मी स्वतः कॅमेरा हाताळू लागलो तेव्हा एकदा ती जात्यावर मेतकूट दळत असताना मी फोटो काढला. खोली अंधारी होती, शटर १/१५ वर होते, आणि मला तेव्हा या दोन हलण्यांतला फरक माहीत नव्हता. भिंतीवरची खुंटी त्या फोटोत स्वच्छ आहे. आजीचा खुंट्यावरचा हात आणि चेहरा मात्र पुसट आहे. उद्या पुन्हा काढू असे म्हणालो आणि ते राहून गेले. तो एकच फोटो मी आजही जपतो, कारण काम करणारी आजी फक्त त्यात आहे.

पुसटपणा टाळण्यासाठी वेग वाढवला की उजेड कमी पडतो, आणि तिथे आयएसओ वाढवावा लागतो. नवशिके आयएसओला उगाच घाबरतात. आजच्या कोणत्याही मिररलेस कॅमेऱ्यावर १६०० किंवा ३२०० बिनधास्त वापरावा, गरज पडली तर ६४०० सुद्धा. फोटोत थोडे दाणे दिसतील, पण घरी लावायच्या आकाराच्या छापील प्रतीत ते फारसे जाणवत नाहीत. दाणेदार पण स्पष्ट चेहरा कुटुंबाला चालतो. गुळगुळीत पण हललेला चेहरा कोणाच्याच कामाचा नसतो.

यातूनच मॅन्युअलच्या प्रश्नाचे उत्तर निघते. पूर्ण मॅन्युअल येणे चांगले, पण घरातल्या हलत्या प्रसंगांवर ते शिकण्याची सक्ती स्वतःवर करू नका. ते शिकायचे असेल तर दुपारी सगळे झोपलेले असताना खिडकीतल्या तांब्याच्या कळशीवर शिका. ती हलत नाही आणि उजेडही तासभर फारसा बदलत नाही. प्रसंग टिपताना मात्र ॲपर्चर प्राधान्याची पद्धत ठेवा, जी चकतीवर ए किंवा एव्ही या अक्षरांनी दाखवलेली असते. लेन्स १८ ते ३५ मिलिमीटरच्या टप्प्यात असताना ॲपर्चर जितके उघडेल तितके उघडा, आयएसओ स्वयंचलित करा, त्याची वरची मर्यादा ६४०० ठेवा आणि मेन्यूमध्ये शटरचा किमान वेग १/१२५ ठरवून द्या. काही साध्या कॅमेऱ्यांत ही किमान वेगाची सोय नसते; तिथे शटर प्राधान्य निवडून १/१२५ ठेवावे. फोकस सतत जुळत राहणारा आणि चेहरा ओळखणारा असू द्या. एवढे एकदा लावून ठेवले की रोज सकाळी कॅमेरा उचलल्यावर बोटाला एकच काम राहते, आणि ते म्हणजे उजळपणाची भरपाई, म्हणजेच एक्सपोजर कॉम्पेन्सेशन.

ही भरपाई म्हणजे काय, हे रांगोळीवर सर्वांत लवकर कळते. कॅमेऱ्यातल्या मापकाला समोरची वस्तू पांढरी आहे की काळी हे कळत नाही. तो समोरच्या सगळ्याची सरासरी मध्यम करडी यावी अशा बेताने उजेड ठरवतो. पांढऱ्याशुभ्र रांगोळीने चौकट भरली तर तो बिचकतो आणि रांगोळी मळकी करडी येते. तिथे भरपाई अधिक एक करावी लागते. काळ्या तव्याने चौकट भरली तर उलट होते, तवा राखाडी येतो आणि त्यावरची भाकरी पांढरी फटक होऊन तिचे डाग नाहीसे होतात. तिथे उणे एक करावे. गेरूने सारवलेल्या जमिनीवर मोजके ठिपके असतील तर बहुधा काहीच करावे लागत नाही. सलग तीन दिवस रांगोळीचे उणे एक, शून्य आणि अधिक एक असे तीन-तीन फोटो काढा आणि शेजारी शेजारी ठेवून पाहा. हा विषय पुन्हा कोणाला विचारावा लागणार नाही. रांगोळीसाठी सूर्य जमिनीलगत असतानाचा उजेड घ्या, कारण त्या तिरप्या उजेडात प्रत्येक रेघेला स्वतःची बारीक सावली मिळते. आणि शक्य असेल तेव्हा चिमटीतून रांगोळी सोडणारा हातही चौकटीत असू द्या. गुजरात-राजस्थानातल्या खेड्यांत भिंतींवरची आणि अंगणातली चित्रे टिपत हिंडलेले बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट यांच्या छायाचित्रांत ती चित्रे काढणाऱ्या बायाही दिसतात, आणि मला त्या छायाचित्रांचे मोठे मोल त्यातच वाटते.

पिवळटपणाचे कारण मिश्र उजेड हे आहे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका उजेड पिवळा : साधा पिवळा दिवा सुमारे २७०० केल्विनचा, दिवसाचा उजेड साधारण ५५०० चा, आणि आपल्याकडे घरोघरी बसवलेले पांढरे एलईडी दिवे बऱ्याचदा ६५०० चे असतात. खिडकी, ट्यूब आणि पिवळा दिवा एकाच वेळी चालू असतील तर कॅमेऱ्याने कोणताही व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून केलेली रंगांची जुळवणी, निवडला तरी चेहऱ्याचा एखादा भाग चुकीच्या रंगाचा येणारच, आणि ते नंतर संगणकावर दुरुस्त करणेही कटकटीचे असते. दिवसा सगळे दिवे बंद करून फक्त खिडकीवर काम करणे हा यावर सर्वांत स्वस्त उपाय आहे. रात्री ट्यूबच्या उजेडातच काढायचे असेल तर दुसरी अडचण येते : आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने जुन्या चोकच्या ट्यूब आणि काही हलके एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, आणि वेगवान शटरला फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. तिथे १/१०० वर राहिले की पट्टे जातात. शटरचा आवाज होऊ नये म्हणून आपण इलेक्ट्रॉनिक, म्हणजे पडदा न हलवता चालणारे, शटर वापरत असाल, तर हे पट्टे जास्त ठळक दिसतील. अशा वेळी यांत्रिक शटरवर या.

संध्याकाळच्या दिव्याचे गणित वेगळे आहे. एका वातीच्या उजेडात चेहरा टिपायचा म्हटले तर आपल्या लेन्सवर, आयएसओ ३२०० ठेवूनही, शटर पाव सेकंदाच्या आसपास येते, आणि इतका वेळ कोणीही निश्चल राहत नाही. म्हणून सूर्यास्तानंतरची साधारण वीस मिनिटे धरावीत. बाहेरचा निळसर उजेड दारातून अजून आत येत असतो आणि तो चेहऱ्याला आधार देतो, तर ज्योतीचा पिवळा रंग जसाच्या तसा राहतो. हा पिवळेपणा घालवू नका. तो त्या वेळेचाच रंग आहे.

माणसे सावरून बसतात, त्याबद्दल. पहिल्यांदा तर ते त्यांना करू द्या. सासूबाई म्हणाल्या की थांब, पदर नीट करते, तर थांबा, त्यांचा तो फोटो प्रेमाने काढा आणि त्यांना दाखवा. आपण कसे दिसतो याची काळजी मिटली की माणूस पुन्हा कामाला लागतो. चोरून फोटो काढण्याच्या मी विरुद्ध आहे, विशेषतः घरात आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या बाबतीत, ज्यांना नाही म्हणणे अवघड जाते. त्यांना स्पष्ट विचारावे आणि फोटोची छापील प्रत द्यावी. कॅमेरा कपाटात ठेवू नका. तो फडताळावर, पट्टा लटकत, लोणच्याच्या बरणीइतका सरावाचा झाला पाहिजे. आठवडाभर रोज पाच मिनिटे तो हातात असला की त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. होमाई व्यारावाला यांचे नाव आपण त्यांच्या दिल्लीतल्या कामामुळे ऐकले असेल. १९१३ साली नवसारीत जन्मलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेलेल्या आणि २०११ साली पद्मविभूषण मिळालेल्या या बाईंनी सुरुवात केली ती मुंबईत, आपल्या जे. जे. स्कूल या कलाशाळेतल्या मैत्रिणी आणि शहरातली रोजची माणसे टिपत. त्या मैत्रिणींच्या चेहऱ्यांवरचा मोकळेपणा पाहिला की कॅमेरा धरणारी व्यक्ती त्यांच्यातलीच होती हे लगेच कळते. घरात आपल्याला तो अधिकार जन्मतःच नसला तरी नात्याने मिळालेलाच आहे.

मुलीच्या बाबतीत एक गोष्ट कटाक्षाने पाळा : तिच्या उंचीवर या. उभ्याने काढलेल्या फोटोत फक्त भांग आणि जमीन दिसते. उंबरठ्यावर बसा, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या रेषेत आणा, आणि कंगवा गुंत्यात अडकला की ती एक डोळा मिटून खांदा वर करते त्याची वाट पाहा. तिला ‘इकडे बघ’ असे कधीही म्हणू नका. आंघोळीचे किंवा रडण्याचे फोटो घरच्यांपुरतेच ठेवा. मोठी झाल्यावर तिला काय आवडेल हे आज तिला विचारता येत नाही.

फोटो काढून झाल्यावर ते पाहण्याची पद्धतही शिकण्याचाच भाग आहे. रोज रात्री नव्हे, आठवड्यातून एकदा, सगळे फोटो मोठ्या पडद्यावर पाहा आणि प्रत्येक हुकलेल्या फोटोला एकच प्रश्न विचारा : वेग कमी पडला, फोकस चुकला, की मी चुकीच्या जागी उभी होते? माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा उत्तर तिसरे असते. आठवड्याचा एक फोटो निवडून चार बाय सहा इंचांची प्रत काढा आणि मागे पेन्सिलने कोण, कुठे, केव्हा ते लिहा. कॅमेऱ्यातली तारीख बरोबर आहे की नाही हे आजच तपासा. मूळ फाइल्सच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

राहिला लेन्सचा प्रश्न. एफ/१.८ ची लेन्स आपल्या लेन्सच्या एफ/५.६ च्या तुलनेत नऊ पटींहून अधिक उजेड आत घेते, त्यामुळे ती घेण्यात अर्थ आहे. पण ५० मिलिमीटरची स्वस्त लेन्स घाईने घेऊ नका. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, लहान असल्याने ती ७५ मिलिमीटरसारखी वागते, आणि फ्लॅटच्या स्वयंपाकघरात मागे सरकता सरकता पाठ फ्रिजला टेकते. शिवाय एक मीटरवरून एफ/१.८ ला जेमतेम तीन सेंटीमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो, म्हणजे डोळा स्पष्ट आला तर कान पुसट होतो, आणि परातीतल्या हाताबरोबर चेहराही हवा असेल तर तसेही एफ/४ वर यावे लागते. महिनाभराचे फोटो जमले की त्यांतले आपल्याला आवडलेले तीसएक वेगळे काढा आणि प्रत्येकाच्या माहितीत लेन्स किती मिलिमीटरवर होती ते पाहा. बहुतेक २० ते २८ च्या दरम्यान असतील तर २४ मिलिमीटरची लेन्स पाहा, ३० च्या पुढे असतील तर ३५ ची. आणि विकत घेण्याआधी ती दोन दिवस भाड्याने आणून त्याच ओट्याशी, त्याच वेळी वापरून पाहा.